काकाजींचा उलटतपास

काकाजी माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायचे, आधी त्याच्या कपड्याकडे. आर्वीत त्यांचं कापडाचं जुनं दुकान होतं आणि समोर आलेल्या कुणाच्याही बाहीचं टोक चिमटीत धरून पोत पाहायची त्यांना खोड होती. वर्ध्याला आमच्या सरांच्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी सरांचा काळा कोट असाच चिमटीत धरला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, उन्हाळ्यात जीव जाईन ह्याच्यात. कोनं देल्ला तुमाले?" मोटारीच्या अपघातात बायको गेलेली, नुकसानभरपाईचा दावा लावायला आलेला माणूस! मी सरांची ज्युनियर, शिवाय आर्वीत काकाजींच्याच गल्लीतली. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

काकाजींचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आमच्या घरच्या बाया दुकानात बसत नाई." त्यांच्या व्यापारी बिरादरीत ही इभ्रतीची गोष्ट. घरची बाई दुकानात दिसली म्हणजे धंदा खाली आला, घराचे दिवस फिरले, असं लोक समजत. काकाजी हे वाक्य छाती काढून म्हणायचे आणि ते म्हणत असताना त्यांच्या पाठीमागे, भिंतीपलीकडच्या खोलीत, काकू गिऱ्हाइकांना शालू उलगडून दाखवत असायच्या.

दुकानाचे दोन भाग होते. पुढे गल्ल्यावर काकाजी, त्यांच्याभोवती शर्टाचे ठाण, टॉवेल, धोतरं. मागच्या खोलीत पांढऱ्या गादीवर काकू. साड्या, ब्लाऊजपीस, लग्नाचा सगळा बस्ता तिथे. खेड्यांतून आलेल्या बाया काकाजींकडे पाहायच्याही नाहीत, चपला काढून सरळ मागे जायच्या. काकू सकाळची पूजा आटोपून दुकानात यायच्या त्या शटर पडेपर्यंत. कुणी व्यापारी मित्रानं विचारलंच तर काकाजी म्हणायचे, "ते तं चहा घेऊन येते, जराशी टेकते." हे जरासं टेकणं लग्न झाल्यापासून चाललेलं होतं. गल्लीतल्या आम्हा मुलींना हे ऐकून हसू फुटायचं. काकूही हसायच्या, पण त्यांनी काकाजींना कधी खोटं पाडलं नाही.

नाचणगावच्या शांताबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा शांताबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता. त्यांना आर्वीला येता येईना, म्हणून काकूच शालूंची पिशवी घेऊन एस्टीनं पुलगावला उतरल्या आणि तिथून नाचणगावला गेल्या. परतताना रस्त्याच्या कडेनं चालत असताना मागून आलेल्या कारनं त्यांना उडवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. बाई कशासाठी आली होती, असं पोलिसांनी विचारलं तर काकाजींनी सांगितलं, "पाहुनपनाले गेलती." शालू रस्त्यावर पसरले होते आणि हे पाहुणपण सांगत होते.

दावा दाखल झाला. सरांनी काकाजींना नीट बसवून समजावलं, की काकू दुकान सांभाळत होत्या हे कोर्टापुढे यायला हवं. भरपाई त्यावर ठरते आणि मुख्य म्हणजे ते खरं आहे. काकाजींनी मान डोलावली. शपथपत्रावर सहीसुद्धा केली.

मग उलटतपासाचा दिवस आला. विमा कंपनीचे वकील मोठे गोड बोलणारे. त्यांनी आधी दुकानाची चौकशी केली. आजोबांच्या वेळचं का, आर्वीत नाव मोठं असेल, असं करत करत काकाजींना चांगलं फुलवलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "एवढ्या इभ्रतीच्या घरातल्या बायका काही दुकानात बसत नसतील?"

काकाजींची मान आपोआप ताठ झाली. "आमच्या घरच्या बाया दुकानात बसत नाई, साहेब."

टायपिस्टबाईंनी ते टाइप केलं. सरांनी डोळे मिटून घेतले. बाहेर आल्यावर मी तडकलेच. "काकाजी, काय बोलून बसलात तुम्ही?" त्यांनी मलाच विचारलं, "काय बोललो?" त्यांना खरंच कळलेलं नव्हतं. चहाच्या टपरीपर्यंत गेल्यावर कळलं, आणि ते तिथल्या बाकड्यावर मटकन बसले. "आरे देवा. तोंडातून निंघूनच गेलं ना." चहा तसाच गार झाला.

त्यानंतर ते प्रत्येक तारखेला यायला लागले. यायची गरज नाही असं सर सांगून थकले. मी रोज आर्वी-वर्धा अपडाऊन करायची. तारखेच्या दिवशी स्टँडवर काकाजी माझ्या आधी हजर, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात. वाटभर बोलत राहायचे. घरी बोलायला होतं कोण? मुलगा हैदराबादला, त्याचा रविवारी फोन. दुकानात बाया यायच्या, मागच्या खोलीत डोकावून विचारायच्या, "काकू नाई का जी?" काकाजी "नाई" म्हणायचे आणि बाया चपला घालून दुसऱ्या दुकानात जायच्या. मागच्या खोलीत दिवा लावायचंही त्यांच्या जिवावर यायचं. एकदा त्यांना म्हटलं, "काकाजी, तारखेला नुसती पुढची तारीखच मिळते. कशाला हेलपाटे घालता?" तर म्हणाले, "कोर्टात तिचं नाव तं घेतात, बेटा. घरी कोन घेते? मी कोनाजवळ घेऊ?"

लोक अदालतीत विमा कंपनीनं तडजोडीचा चांगला प्रस्ताव दिला. मुलाचा फोन आला, "पप्पा, घेऊन टाका आणि संपवा एकदाचं." सरांचंही तेच मत होतं. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् माहं ते वाक्य?"

"ते रेकॉर्डवर राहील. पण आता त्यानं काय फरक पडतो?" सर म्हणाले.

"मंग नाई पाह्यजे."

मला फार राग आला. एवढा मोठा माणूस आणि लहान पोरासारखा हट्ट करतो! परतीच्या बसमध्ये मी त्यांना चांगलं सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "बेटा, कार मी नाई चालवली. पन ते वाक्य तं माहंच आहे ना."

मग सरांनी त्यांना पुन्हा साक्षीला उभं करण्याचा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. काकाजी पिंजऱ्यात उभे राहिले आणि काकू दुकानात बसत होत्या, साड्यांचं सगळं त्याच पाहत होत्या, त्या दिवशीही दुकानाच्याच कामानं गेल्या होत्या, असं एका दमात सांगून मोकळे झाले. समोरच्या वकिलांनी गोडवा गुंडाळून ठेवला होता. "म्हणजे मागच्या वेळी शपथेवर खोटं बोललात?"

"खोटं नाई, साहेब. आमच्यात तसंच म्हनतात. माहे वडीलबी म्हनत. अन् माही मायबी दुकानात बसे."

जज साहेबांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. पण समोरचे वकील सोडणार थोडेच! भरपाई वाढावी म्हणून साक्ष फिरवली, हे त्यांचं म्हणणं कागदावर आलंच. आता दुसरं कुणी सांगणारं हवं होतं. सरांनी शांताबाईंचं नाव काढलं. दुसऱ्याच्या घरच्या बाईला कोर्टात कसं बोलवायचं, म्हणून काकाजी बरेच दिवस टाळत राहिले. शेवटी स्वतः नाचणगावला गेले. गिऱ्हाइकाच्या दारात जायची ही त्यांची पहिलीच वेळ.

शांताबाई आल्या, किंचित लंगडत. उलटतपासात वकिलांनी काकाजींकडे बोट दाखवलं. "तुम्ही यांच्या दुकानातून खरेदी करता?"

शांताबाईंनी काकाजींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ह्यायच्या दुकानातून? नाई जी."

वकील खूश झाले. सरांचा चेहरा पडला. पण बाईंचं बोलणं संपलेलं नव्हतं. "हे तं पुढं बसत. आमी काकूच्या दुकानात जावो. माह्या आईचाबी बस्ता तिथलाच, माह्या पोरीचाबी तिथलाच. काकू गेली, मंग काऊन जावो आमी तिथं?"

काकाजी खाली मान घालून बसले होते.

आता काकाजी हैदराबादला मुलाकडे असतात. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलंय. त्यांचा कधीमधी फोन येतो, इकडच्या उन्हाची आणि माझ्या लग्नाची चौकशी करतात आणि ठेवतात. अशा वेळी मला निकालाचा दिवस आठवतो.

निकाल आमच्या बाजूनं लागला होता. सरांनी काकाजींना त्यातला तो भाग मराठीत सांगितला, की मयत या दुकानातील साड्यांचा व्यवहार स्वतः सांभाळत होत्या, हे सिद्ध झाले आहे. काकाजींनी तो पुन्हा सांगायला लावला. रक्कम किती, हे त्यांनी विचारलंही नाही. सरांनी पेढे मागवले, काकाजींनी अर्धा खाल्ला.

परतीच्या बसमध्ये मात्र ते खिडकीबाहेर पाहत बसले. खरांगणा गेल्यावर मीच म्हटलं, "काकाजी, जिंकलात ना! झालं ना तुमच्या मनासारखं?"

"हो," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जज साहेबाले सांगितलं. वकिलाले सांगितलं. नाचनगावच्या बाईच्या घरी जाऊन सांगितलं, का दुकान काकूच चालवे." आणि थांबत थांबत म्हणाले, "हे मी तिले कधी म्हटलंच नाई, बेटा. एक डावबी नाई. थे रोज मागच्या खोलीत तं होती."