सरकारला जामीन कोण?

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नाही. भवानी पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचे दोन यंत्रमाग होते, टॉवेल विणायचे. त्या खडखडाटात आतून "चहा टाकू का?" एवढं विचारायलाही घसा ताणावा लागे. वडील गेले, मग अम्माने माग विकले, पण आमचे आवाज काही उतरले नाहीत. त्यामुळे मागांचे पैसे हातात आले त्या संध्याकाळी "एवढ्या पैशाचं आता करायचं काय गं?" हे तिने मला जे गुपचूप विचारलं, ते गल्लीच्या टोकापर्यंत पोचलं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कुणी सोनं म्हणालं, कुणी प्लॉट. एक कडक इस्त्रीचे ओळखीचे गृहस्थ तर बँक वर्षाला देते तेवढं व्याज महिन्याला देणारी स्कीम घेऊन आले. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पण अम्माला ना पेन्शन, ना दुसरी मिळकत. हे पैसे म्हणजे तिचं म्हातारपण होतं, आणि ते बुडाले असते तर पुन्हा विकायला घरात माग नव्हते.

गृहस्थ गेल्यावर अम्मा म्हणाली, "एवढी बोली लावतोय म्हंजे लई नड असंल त्याला." आम्ही घरात तेलुगू बोलतो, पण पैशाची बोलणी का कोण जाणे मराठीतच होतात. बोली हा तिच्या भिशीतला शब्द. त्या भिशीत दर महिन्याला जमलेल्या रकमेचा लिलाव होतो. जी बाई सगळ्यात जास्त घट सोसायला तयार, तिला रक्कम आधी मिळते आणि तिने सोडलेले पैसे बाकीच्या वाटून घेतात. कुणी फार मोठी बोली लावली की बायका फायद्याने खूश होतात आणि त्याच वेळी मनातून घाबरतात, कारण एवढी नड असलेली बाई पुढचे हप्ते भरेल का? म्हणून रक्कम उचलणारीने दोन जामीन आणायचेच, हा नियम.

जामीन हा आमच्या घरातला दुखरा शब्द. दुसरा माग घेताना बँकेने वडिलांकडे जामीन मागितला, तेव्हा अम्मा पुढे होऊन म्हणाली होती, "मी हाय की." टेबलापलीकडचा माणूस हसला नाही की चिडला नाही. पगाराची स्लिप असलेला कुणी आणा, एवढंच म्हणाला. मग वडील असा माणूस शोधत दारोदार फिरले. अम्मा त्या बँकेची पायरी पुन्हा कधी चढली नाही.

मी नवी पेठेत एका कापड दुकानात बिलं आणि हिशेब बघते. तिथे कुणीतरी सरकारी रोख्यांचा विषय काढला होता, तो मी घरी आणला. "सरकारला उसने द्यायचे. ते दर सहा महिन्यांनी व्याज देतं आणि मुदत संपली की मुद्दल."

रेशनच्या रांगेत आणि दाखल्याच्या खिडकीपुढे हात जोडून उभं राहण्यात जिची हयात गेली, त्या अम्माकडे म्हणे सरकार पैसे मागतंय! "सरकार उसनं घेतंय? कशाला?"

"मिळकतीपेक्षा खर्च जास्त होतो म्हणून."

"म्हंजे घरोघरी मातीच्या चुली."

मग मी फोनवर वाचत गेले आणि वाचता वाचता माझेच डोळे विस्फारले. सरकारही कर्ज लिलावातच उचलतं. अम्माच्या भिशीत सतरंजीवर बसून जे चालतं तेच तिथेही, फक्त उलट्या बाजूने: जो कमी व्याज मागेल त्याचे पैसे आधी घेतात. रस्ते, धरणं, सैन्य, सगळं अशा बोलींवर चाललंय, हे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. जुनं कर्ज फेडायला सरकार नवं काढतं, हे ऐकल्यावर मात्र अम्मा ताडकन उठली. "असल्या बाईला आमी भिशीत घेत न्हाय!"

तिचं चुकत नव्हतं. मी तिला धोकेही सांगितले. मध्येच गरज पडून रोखे विकले तर भाव कमी येऊ शकतो. मुद्दल परत मिळेल, पण तोवर महागाईने त्याची किंमत उतरलेली असेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आणि जामीन कोण?" मी हसले.

"सरकारला कसला जामीन?"

"जामिनाशिवाय मी कुणाला पैसं देत न्हाय."

हसता हसता मी थांबले. माझ्याच दुकानातलं एक बिल पर्समध्ये होतं, ते काढून पाहिलं. टॉवेलची किंमत आणि त्याखाली कराची ओळ. दिवसभर मी ती ओळ छापते, पण तिच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. सरकार फेडेल असं लोक धरून चालतात, कारण ही ओळ उद्याही छापली जाणार असते. मी अम्माला म्हटलं, "तू साबणाची वडी घेतेस ना, त्यात कर असतो. तू भरतेस, मी भरते, सगळा देश भरतो. त्याच्यावर सरकारचं कर्ज उभं आहे. जामीन आपणच."

"मी पण?"

"तू पण."

बराच वेळ ती रिकाम्या खोलीत, जिथे माग होते त्या फरशीवरच्या तेलाच्या डागांकडे बघत बसली. मग दुखण्याखुपण्यापुरते बँकेत ठेवू म्हणाली, तीही बँक दुसरी. भिशी सोडायची नाही, तिथे बायका भेटतात. उरलेले सरकारला. आणि आणखी काहीतरी ती पुटपुटली. हळू बोललेलं ऐकायची सवय माझ्या कानांना नाही.

"काय म्हणालीस?"

माग चालू असल्यासारखी अम्मा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "बँकेला माझा जामीन चालला न्हवता! सरकारला चालतोय की!"