काय दिसतंय, नाबू?

माझे धाकटे दीर हाइसुल यांनी नातवाला बंदूक शिकवायला सुरुवात केली ती बंदुकीशिवाय. नाबू तेव्हा सात वर्षांचा होता. भाऊजींनी पेरूच्या लाकडाची एक काठी तासली, तिला दस्त्यासारखा बाक ठेवला आणि चापाच्या जागी एक खिळा ठोकला.

"ही तुझी बंदूक," ते म्हणाले. "हिचं तोंड ज्याच्याकडं गेलं, तो मेला असं समजायचं."

आमच्या दोन अंगणांमध्ये आल्याचा एक वाफा तेवढा आहे, त्यामुळे मला सगळं दिसत असे आणि ऐकूही येत असे. पहिल्याच सकाळी नाबूने तीन कोंबड्या आणि कुत्रा मारला, आणि काठी खांद्यावर घेताना वळला तो माझ्याकडे.

"वहिनी, तुम्ही मेलात!" भाऊजी ओरडले.

"कळलं," मी म्हटलं. "चुलीवर रताळी आहेत, तेवढी उतरवते आणि मग मरते."

नाबू खिदळला. भाऊजी हसले नाहीत. काठी आढ्यावर गेली ती दोन दिवसांनी खाली आली.

आम्हा डोंगरात राहणाऱ्या बुनुन लोकांत बाईने बंदुकीला हात लावायचा नसतो आणि शिकारीविषयी विचारायचंही नसतं. पुरुषसुद्धा 'शिकारीला जातो' म्हणत नाहीत, 'डोंगरावर फिरून येतो' म्हणतात. बघायला मात्र कुणी मनाई केलेली नाही. मी आल्यातलं तण इतक्या वेळा काढलं की त्या वर्षी वाफ्यात तण उरलंच नाही.

वर्षभर हेच चाललं. ओहोळ ओलांडायचा असेल तर आधी काठी दुसऱ्याच्या हाती द्यायची, मग उडी. खिळ्यावर बोट सांगितल्याशिवाय ठेवायचं नाही. आणि मग तो प्रश्न, दिवसातून वीसदा: "काय दिसतंय, नाबू?"

"भेकर!"

"भेकर दिसलं?"

"झुडूप हललं."

"मग झुडूप हललं म्हण. त्याच्या मागं काय आहे?"

"मागं कशाला बघायचं?"

"गोळी भेकरापाशी थांबते असं तुला कुणी सांगितलं?"

हा धाक कुठून आला होता ते मला ठाऊक होतं. एकोणीस वर्षांचे असताना भाऊजींनी हलणाऱ्या नेच्यांच्या जाळीवर चाप ओढला होता, रानडुक्कर समजून. रात्रभराच्या धुक्याने बंदुकीतली दारू ओलसर झाली होती, त्यामुळे बार उडाला नाही. नेच्यांतून विजारीची गुंडी लावत बाहेर आले ते माझे यजमान. ही गोष्ट यजमान मरेपर्यंत प्रत्येक लग्नात रंगवून सांगत आणि सगळी पंगत हसत असे. भाऊजी तेवढ्यात उठून पाणी प्यायला जात.

दुसऱ्या वर्षी नाबूची पाळी आली. वसंतात आमच्याकडे कान-नेमाचा सण असतो. सांबराचे आणि भेकराचे कान लाकडी चौकटीला टांगतात आणि मुलांना जवळून नेम धरायला लावतात. डोंगरी बकऱ्याचा कान टांगत नाहीत, नाहीतर पोरगं मोठं झाल्यावर कड्याकड्याने भटकतं. लहानांना धनुष्य देतात. नाबू मात्र खऱ्या ठासणीच्या बंदुकीने नेम धरणार होता, आणि भाऊजींनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, "यंदाचे कान माझ्या बंदुकीचे."

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला ते माझ्याकडे चहाला आले. किटली स्वतः उचलली आणि चहा कपाच्या शेजारी ओतला. सगळा नाही, पण बराच. "कप हलला," ते म्हणाले. कप हलला नव्हता.

त्यानंतर मी तण काढायच्या निमित्ताने नाबूपेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघू लागले. उजवा डोळा ते मिटून धरत. समोरून येणाऱ्याला आवाज ऐकल्यावरच हाक मारत. आणि तो प्रश्न आता वीसदा नाही, पन्नासदा येऊ लागला. ते पोराला शिकवत होते की पोराचे डोळे उसने घेत होते? एके दिवशी राहवेना.

"भाऊजी, तुमच्या छपरावर काय बसलंय हो?"

भाऊजींनी मान वर केली, जरा वेळ तशीच ठेवली. "नाबू, छपरावर काय दिसतंय?"

"काही नाही, आजोबा."

"काही नाही, वहिनी."

मी वाफ्यात मान खाली घातली. छपरावर खरंच काही नव्हतं, त्यामुळे मला काहीच सिद्ध करता आलं नाही. पण झोप उडाली. नेच्यांत माणसं पुढे असणार, मागे ही बंदूक, आणि नळीच्या टोकावरची नेमाची माशीसुद्धा न दिसणारा डोळा. बोलावं तर निघण्याआधी बाईने शिकारीत तोंड घातल्याचा अपशकुन. न बोलावं तर या वेळी दारू कोरडी असली म्हणजे? नाबूचा बाप तियांग याला सांगायचं मी तीनदा ठरवलं आणि तीनदा त्याला नुसत्या अळकुड्या देऊन आले.

एप्रिलच्या चोविसाव्या दिवशी, उजाडताना, भाऊजी, तियांग आणि नाबू असे तिघे अंगणात जमले. निघताना कुणी शिंकलं किंवा कुणाचा वारा सरला, तर त्या दिवशीचं जाणं रद्द, ही आमची जुनी रीत. म्हणून सगळे क्षणभर गप्प उभे राहतात. सगळं शांत होतं. ते गेले.

दहा वाजता तिघे परत अंगणात! मी खुरपं टाकून उभी राहिले.

तियांग तणतणत होता. "काकू, याला विचारा! दोन तास चढलो. ओढ्याजवळ आबांनी बंदुकीत दारू ओतायला घेतली, तेव्हा हा म्हणतो, निघताना मी पादलो होतो."

"आवाज नाही आला," नाबू रडवेला होऊन म्हणाला.

"मीही तेच म्हटलं! आवाज नाही, वास नाही, मग झालंच नाही. सणाला दहा दिवस राहिलेत. कान काय बाजारातून आणू?"

"तू ओढ्यापर्यंत का नाही बोललास रे?" मी विचारलं.

"मला कान हवे होते." नाबू नाक पुसत म्हणाला. "पण आजोबा खरंच दारू ओतायला लागले."

आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टर कबुलीजबाबाची तयारी आठवडाभर करून घेत, तरी आम्ही निम्म्या गोष्टी पोटात ठेवत असू. या पोराकडून कुणी तयारी करून घेतली नव्हती. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

भाऊजी ओट्यावर बसले होते. बंदूक मांडीवर, तोंड आभाळाकडे. ते दस्त्यावर अंगठा फिरवत होते.

"तियांग, पोराला ओरडू नको. त्याचं कुणाला दिसलं नव्हतं, तरी त्यानं सांगितलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझंही कुणाला दिसलेलं नाही. उजव्या डोळ्यानं मला माशी दिसत नाही, डाव्यानंही सगळं धूसर. थंडीपासून."

तियांग त्यांच्याकडे वळला. "आणि आज मी पुढं चालणार होतो?"

"हो."

"आबा!"

"म्हणून तर सांगतोय. घे." त्यांनी बंदूक मुलाच्या हातात दिली आणि मग, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी छपरावर खरंच काही होतं का?"

"नव्हतं."

"वाटलंच मला," ते म्हणाले. पण त्यांना वाटलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळलं.

पाच दिवसांनी तियांग एकटा डोंगरावर फिरून आला आणि एक लहानसं भेकर आणलं. कान जेमतेम हाताच्या पंजाएवढे होते.

सणाला चौकट मातीच्या बांधासमोर उभी केली होती. बायकांनी मागे, राळ्याच्या दारूच्या मडक्यांपाशी उभं राहायचं असतं. नाबू पुढे गेला. भाऊजी त्याच्या मागे, तियांगने ठासलेल्या बंदुकीच्या नळीखाली आपला तळवा धरून.

"काय दिसतंय, नाबू?"

"कान."

"मागं?"

"बांध." मग नाबूने बोट चापावरून काढलं. "थांबा, आजोबा. बांधाच्या कडेला मोठी आजी आलीय."

सगळ्या माणसांनी माझ्याकडे वळून बघितलं. नीट दिसावं म्हणून मी कधी इतकी पुढे सरकले होते, कोण जाणे.

"वहिनी," भाऊजी आवाजाच्या दिशेने म्हणाले, आणि या खेपेला ते हसत होते, "तुम्ही मेलात!"

मी मडक्यांपर्यंत मागे गेले आणि नाबूला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "आता नाही!" त्याने माझ्याकडे एकदा बघून खात्री केली, पुन्हा कानाकडे वळला, आणि मग बार झाला.