उजव्या हातातली साखर

आमच्या तरुबेनला नको तिथे नाक खुपसायची सवय आहे. हे मी तिच्या तोंडावरही सांगते, तेव्हा इथे सांगायला हरकत नाही. बिलिमोऱ्याला फाल्गुनीबेन डॉक्टरांचा मुलांचा दवाखाना आहे. तिथे मी काउंटरवर बसते आणि माझ्या मागच्या खोलीत तरुलता टंडेल मुलांचं रक्त काढते. मध्ये नुसता एक पडदा, त्यामुळे तिचं सगळं बोलणं माझ्या कानावर पडतं.

"तुमच्या कुत्र्याला शेपूट आहे ना? मग तो बसतो तेव्हा ती कुठे ठेवतो?" पोरगं विचारात पडतं, तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेर. लोकांना वाटतं ही तिची युक्ती आहे. कसली युक्ती? तिला खरंच जाणून घ्यायचं असतं. पोरगं गेलं की पडदा सारून मला विचारते, "कपिला, कुठे ठेवत असेल गं?"

धोलाई बंदरावरच्या घरातली ती. बाप बोटीवर असायचा. आई मासे साफ करायला बसली की ही आधी एकेकाचं पोट उघडून बघायची, त्याने काय खाल्लंय ते. आई वैतागायची, "तो जिवानिशी गेला, आता त्याचं जेवण कसलं विचारतेस?" पुढे नवसारीला लॅबचा कोर्स केला तोही याच खोडीपायी, असं माझं मत आहे. आत काय चाललंय ते हिला बघायचं असतं.

पण आयांना तिचे प्रश्न झोंबतात. घरी कोण कोण असतं, सकाळी पहिलं काय तोंडात घातलं, पोट फक्त शाळेच्या दिवशीच का दुखतं. एकदा एक बाई माझ्या काउंटरवर येऊन कडाडली, "मुलाला रक्त काढायला आणलंय की पोलीस चौकीत?" डॉक्टरांनी तरुबेनला बोलावून सांगितलं, "रक्त काढ, पंचायत करू नकोस." तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप घातलं. मागच्या खोलीतून मुलांचं रडणं तेवढं ऐकू यायचं. मी इतकी वर्षं तिला गप्प बस म्हणत आले, आणि ती गप्प बसली तर मलाच करमेना.

त्या दिवसांत इंदुबा देसाई आल्या, सुनेला आणि नातीला घेऊन. नात हेत्वी, आठ वर्षांची, अगदी काडी. सारखी पाणी पिते आणि अंगाला काही लागत नाही, म्हणून डॉक्टरांनी उपाशीपोटी साखर तपासायला बोलावली होती. सून बिजल भिंतीला टेकून उभी होती. बसा म्हटलं तरी बसली नाही.

आत तरुबेनने एवढंच विचारलं, "उपाशी आहे ना?"

"पाण्याचा थेंब नाही," इंदुबा ठसक्यात म्हणाल्या.

तरुबेनने स्पिरिटचा बोळा फिरवला, बोटाला टोचलं, थेंब मशीनच्या पट्टीला लावला. तीनशेच्या जवळ आकडा आला. डॉक्टरांनी बघितला आणि म्हणाल्या, "बोटावर सगळं ठरवत नाही मी. नसेतलं रक्त घे, आत्ताच तपासायला लाव." त्याला अर्धा तास लागतो.

त्या अर्ध्या तासात इंदुबांनी आख्खा दवाखाना ऐकेल अशा आवाजात निकाल देऊन टाकला. "आमच्या देसायांत कुणाला साखर नाही. हे आलंय तुझ्या माहेराहून. तुझ्या बापाचा पाय गेला तो कशाने? आणि सुट्टी लागली की तुम्ही पोरीला तिथेच धाडायचं. आजोबा-मामा आईस्क्रीम काय, शरबत काय. आता बंद. या सुट्टीत ती मामाकडे जायची नाही, पुढच्याही नाही."

हेत्वीने आईचा पदर धरला. "पण आजोबांनी माझ्यासाठी झोपाळा बांधलाय."

बिजल फोन घेऊन बाहेर गेली, परत आली तेव्हा डोळे लाल. मी पाण्याचा ग्लास पुढे केला तर हळूच म्हणाली, "पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, माझंच पाप पोरीला लागलं, तिला आता इकडे नका पाठवू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकीने चारचौघांत तोंड सोडायचं आणि तिकडे एका लंगड्या माणसाने स्वतःला कोसत बसायचं. पण काउंटरवरच्या बाईने काय बोलायचं?

नसेतल्या रक्ताचा रिपोर्ट आला. साखर अगदी बरोबर, जेवढी असावी तेवढीच.

डॉक्टर स्वतः मागच्या खोलीत आल्या. "मशीन बिघडलंय का?" तरुबेनने स्वतःच्या बोटाला टोचून घेतलं. मशीन ठीक होतं. पुन्हा हेत्वीचं बोट घेतलं. पुन्हा तोच भलामोठा आकडा. मीही काउंटर सोडून पडद्याशी उभी होते, खोटं कशाला बोलू.

तरुबेन तिसऱ्यांदा बोट धरायला गेली तशी हेत्वी रडकुंडीला आली. "या हाताला नको. या हाताला दुखतं." आणि तिने डावा हात पुढे केला.

डाव्या हाताची साखर बरोबर आली.

"हे काय गौडबंगाल?" डॉक्टर म्हणाल्या. "एकाच पोरीच्या उजव्या हातात साखर आणि डाव्यात नाही?"

तरुबेन तोंड उघडायची आणि मिटायची. शेवटी डॉक्टरच म्हणाल्या, "विचार बाई, विचार. तुला काय विचारायचंय ते विचार."

मग काय, कुलूप निघालं. तरुबेन पोरीसमोर उकिडवी बसली. "हेत्वी, सकाळपासून हा हात कुठे कुठे गेला?"

"दात घासले. अंघोळ केली. बांनी हातावर गूळ-धणे दिले ते खाल्ले. मग रिक्षात बसलो."

बा म्हणजे आजी. सगळ्यांच्या नजरा इंदुबांकडे वळल्या.

"अगं, तो शकुन," इंदुबा म्हणाल्या. "कामाला निघताना घरातून कुणी तसंच जातं का? ते काय खाणं झालं? चिमूटभर तर होतं."

"आणि तू बोटं चाटलीस?" तरुबेनने विचारलं. पोरीने मान हलवली.

डॉक्टरांना हसू आवरेना. चिमूटभर गुळाने अंगातल्या रक्ताला फारसं काही होत नाही, पण बोटावर चिकटलेला गूळ त्या एवढ्याशा थेंबात उतरला की मशीनला तो डोंगराएवढा दिसतो, असं त्यांनी समजावलं. "चूक माझी," तरुबेन म्हणाली. "साबणाने हात धुवायला लावायचे होते. नुसत्या बोळ्याने गूळ जात नाही." धुतल्यावर त्याच उजव्या बोटाची साखरही बरोबर आली. आता तरुबेन थांबते कुठली? पाणी एवढं का पितेस, डब्यात काय नेतेस, असं विचारत विचारत दिवसभर मीठ-मिरची लावून कच्च्या कैऱ्या खाणं चालतं, हेही तिने काढून घेतलं. डॉक्टरांनी कैऱ्या बंद केल्या आणि वजनासाठी पुढच्या आठवड्यात बोलावलं.

इंदुबा बाकावर बसल्या होत्या. हातातल्या पाकिटाची चेन उघडत होत्या, लावत होत्या. मला वाटलं, आता ही बाई काहीतरी बोलून स्वतःची बाजू सावरणार. सुनेने एक शब्दही सुनावला नाही. मी असते तर पुरता हिशोब चुकता केला असता.

"फोन लाव," इंदुबा सुनेला म्हणाल्या.

"कुणाला?"

"तुझ्या पप्पांना. आणि मला दे."

बिजलने फोन लावून दिला. इंदुबा उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि मघाच्याच आवाजात, आख्खा दवाखाना ऐकेल असं बोलल्या, "व्याही, मी इंदुमती. पोरीला साखर नाही. बोटाला जी लागली होती ती मीच दिलेली होती. तुमच्याकडून काही आलेलं नाही."

पलीकडून एक-दोन शब्द आले असावेत. इंदुबा ऐकत राहिल्या.

तरुबेनला राहवलं नाही. "काय म्हणतात?" एरवी मी तिला चिमटा काढला असता, पण मलाही ऐकायचंच होतं.

इंदुबांनी फोनवर हात ठेवला. "विचारताहेत, झोपाळा सोडलाय तो परत बांधू का."

आणि हात काढून फोनमध्ये म्हणाल्या, "बांधा. शनिवारी मी स्वतः घेऊन येते तिला."