दारातली पाच मिनिटं

पालिकेच्या दप्तरी तो ‘वाहनचालक, मृत जनावरे विभाग’ होता आणि डेपोत घुम्या. सव्वीस वर्षांत त्याने कामावर गरजेपेक्षा एक शब्द जास्त खर्च केल्याचं कुणाला आठवत नव्हतं, म्हणून घुम्या. पत्ता घ्यायचा, गाडी काढायची, दार वाजवायचं, ‘कुठंय?’ विचारायचं, गोणीत घालायचं, सही घ्यायची, पुढचा पत्ता. एका पाळीत चौदा दारं. सोबतचे बिगारी बदलत गेले, घुम्या तोच राहिला.

अशा या माणसाच्या तोंडून एकदा जास्तीची दोन वाक्यं निघाली आणि तीच त्याला भोवली.

जुन्या इमारतीचा तिसरा मजला. दारात एक निवृत्त शिक्षिका, आत चटईवर त्यांचा चौदा वर्षांचा पांढरा कुत्रा, नाव कापूस. घुम्या गोणीचं तोंड आवळत होता तेव्हा बाई म्हणाल्या, “जरा सैल ठेवाल का? त्याला अंधाराची भीती वाटते.”

बिगारी फिस्सकन हसला. हसू साथीच्या रोगासारखं असतं, घुम्यालाही आलं. ते लपवायला तो बोलून गेला, “मेल्यावर कसली भीती, बाई! दुसरं छानसं पिल्लू आणा आता.”

बाईंनी सही केली, पेन परत दिलं आणि दार लावलं. आदळलं नाही, हळूच लावलं. आदळलं असतं तर बरं झालं असतं, असं जिना उतरताना घुम्याला वाटलं. शिव्या खाल्ल्या की माणूस मोकळा होतो. ते हळूच लावलेलं दार मात्र त्याच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं. जेवताना आठवायचं, गाडी धुताना आठवायचं.

पुढे दोन आठवड्यांनी जनावरांच्या दवाखान्यात फेरी होती. तिथल्या भिंतीवर एक कागद डकवलेला: ज्यांचा पाळीव प्राणी गेला आहे त्यांना आधार देण्याचं प्रशिक्षण. आठ शनिवार, विनामूल्य. पात्रता बारावी उत्तीर्ण. घुम्या सातवी होता, तीही रडतखडत. तरी तो त्याच दिवशी, अंगावर पालिकेचा खाकी सदरा तसाच ठेवून, ते प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

टेबलामागच्या कारकून बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “काका, गाडी मागच्या बाजूला लावा. इथे काही उचलायचं नाहीये.”

“उचलायला नाही आलो. शिकायला आलोय.”

“बारावी झालीय?”

“नाही. पण वर्षाला तीन हजारांवर दारांत उभा राहतो मी, आणि प्रत्येक दारात कुणीतरी नुकतंच गेलेलं असतं. तुमच्या बारावीवाल्यांत याहून जास्त दारं बघितलेला एक जरी असला तर नाव सांगा. मी असाच माघारी जातो.”

आतल्या खोलीतून एक उंच, पिकल्या केसांची बाई बाहेर आली. ती तिथली शिकवणारी होती, समुपदेशक. तिने सगळं ऐकलेलं दिसत होतं. ती कारकून बाईला एवढंच म्हणाली, “यांचा फॉर्म माझ्या जबाबदारीवर घे.”

घरी ही बातमी फुटली तेव्हा बायकोच्या हातातला झारा हातातच राहिला. “अहो, या घरात मी तीस वर्षं बोलतेय. त्यातलं किती ऐकलंत? आणि आता निघालात जगाचं ऐकायला!”

“म्हणूनच शिकायला चाललोय,” घुम्या म्हणाला. तिने झारा परत कढईत घातला आणि आच कमी केली.

मेहुणा मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. तो बँकेतून निवृत्त झाल्यापासून सगळ्या विषयांवर बोलायला मोकळा झाला होता. “दाजी, इथे माणसं मरतात त्यांना कुणी विचारत नाही, आणि तुम्ही कुत्र्यामांजरांच्या मागे रडणाऱ्यांची समजूत काढणार? लोक हसतील!”

“हसतातच. मीही हसलोय. त्याने समोरच्याचं काय होतं ते बघितलंय आता.”

वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. अकरा जण, बहुतेक कॉलेज शिकलेले, वह्या उघडून बसलेले. पहिल्या शनिवारी जोड्या लावल्या. एकाने दुःखातला माणूस व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं. घुम्याच्या वाट्याला एक मुलगी आली. ती आपल्या मांजरीबद्दल बोलली, थांबली, आणि घुम्या नुसता बघत राहिला. चार मिनिटं. शेवटी ती वळून म्हणाली, “मॅडम, काका झोपले बहुतेक.”

वर्ग हसला. घुम्याचे कान तापले, पण तो उठून गेला नाही. पुढच्या शनिवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसला. हळूहळू त्याला कळत गेलं की गप्प राहणं आणि ऐकणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. समोरच्याचं शेवटचं वाक्य आपल्या तोंडाने परत म्हटलं, की तो पुढचं बोलतो. ‘निदान त्रास तरी संपला’ म्हणायचं नाही. ‘दुसरं आणा’ तर मुळीच नाही. हे फळ्यावर लिहिलं गेलं तेव्हा घुम्याने मान खाली घातली. आणि प्राण्याचं नाव विचारायचं. सव्वीस वर्षांत त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

चौथ्या शनिवारी मात्र ठिणगी पडली. समुपदेशक बाई सांगत होत्या की देहाचं पुढे काय होतं असं कुणी विचारलं, तर ‘तो आता शांत जागी आहे’ म्हणून विषय हळूच वळवायचा.

घुम्या उभा राहिला. “हे खोटं आहे.”

“काका, खोटं नाही, सौम्य आहे.”

“तुम्ही त्याला सौम्य म्हणा. मीच नेतो त्यांना, मॅडम. गावाबाहेर भट्टी आहे, तिथे जाळतात. सकाळची गाडी दुपारी, दुपारची संध्याकाळी. माणूस विचारतो तेव्हा त्याने मनात याच्यापेक्षा वाईट चित्र काढलेलं असतं. कचऱ्यात टाकतात, फाडतात, काय काय. विचारेपर्यंत सांगू नका, कबूल. पण विचारलं की फसवू नका. ज्याचं जनावर गेलंय तो काही लहान मूल नाही.”

वहीवाल्यांपैकी एक जण पुटपुटला, “याला कुणी घेतलं वर्गात?” समुपदेशक बाईंनी खडू हातात घेतला. मग त्यांनी फळ्यावरचं आपलं वाक्य पुसलं आणि घुम्याचं लिहिलं: विचारलं की फसवू नका. जसंच्या तसं.

त्याच संध्याकाळी तो त्या निवृत्त शिक्षिकेच्या तिसऱ्या मजल्यावर गेला. बाईंनी दार साखळीपुरतं उघडलं.

“मी गाडीवाला. त्या दिवशी मी हसलो होतो.”

“हसला होतात,” बाई म्हणाल्या. आत या म्हणाल्या नाहीत, माफ केलं म्हणाल्या नाहीत. पण साखळी न काढताच त्या फटीतून कापसाबद्दल बोलू लागल्या. तो पिल्लू असताना रात्री अंधारात नळाखालच्या बादलीत पडला होता, तेव्हापासून अंधार म्हटला की थरथरायचा. पंचवीस मिनिटं. घुम्या जिन्यात उभ्याने ऐकत होता. खालून वर जाणारे शेजारी त्याच्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, “आता जा तुम्ही.” तो गेला. धोंडा काही पूर्ण उतरला नाही, पण श्वास घेण्याइतकी जागा झाली.

सोमवारपासून गोणी बंद. बायकोने जुन्या चादरी फाडून, धुऊन, घड्या घालून दिल्या. ‘तुमच्या खुळापायी माझं कपाट रिकामं झालं,’ असं म्हणत तिनेच रोज त्या मोजून पिशवीत भरल्या. आता घुम्या दारात आला की आधी नाव विचारायचा, मग चादर अंथरायचा आणि म्हणायचा, “पाच मिनिटं घ्या. मी इथेच आहे.” कुणी घ्यायचं, कुणी ‘लवकर न्या हो’ म्हणायचं. दोन्ही त्याला चालायचं.

चौदाची अकरा दारं झाली. आणि मुकादमाने कामात दिरंगाई म्हणून लेखी खुलासा मागवला.

घरी मुलगी म्हणाली, “बाबा, मी लिहून देते. माफी मागा, विषय संपवा.”

“माफी जिथे मागायची होती तिथे मागितली,” तो म्हणाला, आणि आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात खुलासा स्वतः लिहिला. त्यात तीन ओळी होत्या. दारात पाच मिनिटं थांबतो हे खरं आहे. राहिलेली दारं मी पाळी संपल्यावर करतो, गाडीची वही बघा. पुढेही थांबेन.

मुकादमाच्या वरच्या साहेबांनी कागद वाचून टेबलावर टाकला. “तुम्ही ड्रायव्हर आहात. लोकांचे डोळे पुसायला पालिकेने ठेवलेलं नाही तुम्हाला.”

“डोळे ते स्वतः पुसतात, साहेब. मी फक्त दारात घाई करत नाही.”

“शेवटची ओळ खोडा. मी फाइल बंद करतो.”

“नाही खोडणार.”

“निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. कशाला डाग लावून घेता?”

घुम्याने कागद साहेबांकडे सरकवला. “डाग कसला त्यात? माझंच अक्षर आहे. राहू द्या फाइलीत.”

आठवड्याभरात त्याची बदली पाण्याच्या टँकरवर झाली. डेपोत कुणी म्हणालं जिरली, कुणी म्हणालं वाईट झालं. निघताना त्याने उरलेल्या चादरी नव्या ड्रायव्हरच्या सीटवर ठेवल्या. नव्या ड्रायव्हरने त्या काच पुसायला वापरल्या, हेही त्याला दोन दिवसांत कळलं. त्या दिवशी घरी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र टँकर धुऊन बाहेर काढला आणि शनिवारी वर्गाला गेला. आठवा शनिवार होता. प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर त्याचं पूर्ण नाव होतं. मेहुण्याने ते दोनदा वाचलं आणि ते टांगायला खिळा शोधू लागला.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी, टँकरची पाळी संपली की, घुम्या संस्थेच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी, जनावर गेलेल्यांसाठीचा फोन घेऊन बसतो. कधी दोन तास एकही घंटी वाजत नाही, कधी पाठोपाठ वाजतात. परवा एका माणसाचा फोन आला. आवाज जाडा, वयस्कर. बराच वेळ नुसता खाकरला.

“कोंबडी होती हो,” शेवटी तो म्हणाला. “हसू नका.”

“नाही हसत. नाव काय तिचं?”

“मॅनेजर. अंगणात सगळ्यांवर लक्ष ठेवायची.” पलीकडे आवाज चिरकला. “घरातले थट्टा करतात. सून म्हणते, बाजारात रोज शेकड्यांनी कापतात, एकीचं काय एवढं. मी माडीवर येऊन बोलतोय, खाली ऐकू गेलं तर...”

“ऐकू जाऊ द्या,” घुम्या म्हणाला. “तुमच्या मॅनेजरसाठी रडायला कुणाची परवानगी काढायची नाहीये. मोठ्याने बोला. मला वेळ आहे.”

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. माणूस नीट बसला असावा. “सहा वर्षांपूर्वी आणली,” तो म्हणाला, चांगला मोठ्याने, “एवढीशी होती. टोपीत मावायची...”

घुम्याने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि खिडकी ओढून घेतली. रस्त्यावरच्या गोंगाटात त्याला एकही शब्द चुकवायचा नव्हता.