आत्ती आणि अनोळखी नंबर

आत्तीचा फोन कधी दुसऱ्यांदा वाजत नसे. ती म्हशीची धार काढत असो नाहीतर भाकरी थापत असो, पहिल्या रिंगलाच हातातलं टाकून उठायची आणि पिठाच्या हातानं फोन कानाला लावायची. "बोला की! कुठनं बोलताय?" आवाज एवढा मोठा, की गल्लीतल्या चार घरांना कळायचं, आत्तीला फोन आला.

ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पेठ वडगावात एकटी राहायची. मी कोल्हापुरात, नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, पाळ्यांची. महिन्यातला एखादा रविवार काढून मोटारसायकलवरून तिच्याकडे जायचो आणि गेल्या गेल्या निघायचं कधी याचा हिशेब मनात सुरू व्हायचा. तिलाही ते दिसायचं. "बूड टेकव की जरा," ती म्हणायची, "खालनं जाळ लावलाय व्हय कोण?"

ती पहिल्या रिंगला का उठायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सुनंदा, तिची एकुलती एक मुलगी, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून निपाणीकडं निघून गेली होती. मामांनी, म्हणजे आत्तीच्या नवऱ्यानं, दाराशी उभं राहून सांगितलं होतं, परत येऊ नको. मामा गेले, तेव्हाही सुनंदा आली नाही. कुणी कळवलंच नसेल. तिचा पत्ता नव्हता, नंबर नव्हता. म्हणून आत्तीनं उलटा उपाय काढला होता. स्वतःचा नंबर तिनं पाठ केला आणि वडगावच्या बाजाराला निपाणीकडून येणाऱ्या प्रत्येकाला ती तो म्हणून दाखवायची. म्हशींच्या व्यापाऱ्यांना, बांगड्यावालीला, मिरच्या विकणाऱ्या बायकांना. "तिकडं सुनंदा नावाची कोण भेटली तर सांगा, आईचा नंबर ह्यो हाय."

नंबर असा वाऱ्यावर सोडला, की त्याच्यामागे काय काय येतं हे मला माहीत होतं. एका रविवारी ते माझ्यादेखतच आलं. मी बाहेरच्या सोप्यात चहा पीत होतो. फोन वाजला, आत्तीनं उचलला; पलीकडचा माणूस गोड हिंदी-मराठीत सांगत होता, आजी, तुमचं बँकेचं खातं बंद पडणार आहे, आत्ता मेसेज आलाय त्यातला नंबर वाचून दाखवा.

"थांबा पावणं, चष्मा घावंना. तवर तुमी सांगा, जेवलासा का?"

मी तिच्या हातातून फोन ओढून घेतला आणि कट केला. ती माझ्यावरच उसळली. "माणूस बोलत असताना कवाड आपटतंय व्हय कोण? हेच शिकवलं व्हय तुला तुझ्या बानं?"

तो माणूस चोर होता, हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला. पटलं तेव्हा ती चांगलीच घाबरली, आणि मग म्हणाली, "संभा, मला ह्यो फोन नीट शिकव."

मी शिकवू लागलो. मला वाटलं होतं, हे काम वर्षभर चालेल. पण आत्ती भराभर शिकली. उशीर व्हायचा तो माझ्या घाईमुळे. मी तीन गोष्टी एका दमात दाखवायचो. ती माझा हात बाजूला सारायची. "तुझं बोट माशी हाणल्यागत पडतंय. मला करू दे." कुलूप लावणं, अक्षरं मोठी करणं, टॉर्च, स्पीकर, मेसेजमधल्या निळ्या ओळीला बोट न लावणं, सगळं तिनं एकदा स्वतः केलं की पक्कं. पुढं शेजारच्या बायका तिच्याकडे फोन घेऊन यायच्या आणि ती त्यांना दरडावायची, "आदी कुलूप लाव त्याला. घराला लावतीस न्हवं?"

ओटीपी तिला समजावताना मी अडखळत होतो. तिनंच मला थांबवलं. "कळलं. घरची खूण. घरच्यालाच सांगायची." त्यानंतर बँकेतून म्हणून कुणाचा फोन आला, की ती विचारायची, "तुमी बँकेतलं व्हय? मग आमच्या म्हशीचं नाव काय, सांगा बगू." समोरचा शिव्या देऊन फोन ठेवायचा आणि ती दिवसभर गल्लीत ते सांगत फिरायची.

मला मात्र चैन नव्हतं. कामावर कुणाच्या तरी आईचं, कुणाच्या सासऱ्याचं काहीतरी कानावर यायचं आणि मशीनच्या आवाजातही मला आत्तीचं ते "बोला की" ऐकू यायचं. सगळे नियम तिनं मानले, एकच मानला नाही. अनोळखी नंबर उचलू नको, हे मी परोपरीनं सांगितलं.

"ते सोडून बोल," ती म्हणाली. "तिचा नंबर मला ठावं न्हाय. म्हंजी तिचा फोन आला तर अनोळखीच येणार की."

ती चहा ठेवायला आत गेली, तेव्हा मी तिचा फोन उचलला आणि एक सेटिंग चालू केलं. नाव साठवलेल्या लोकांचेच फोन वाजतील, बाकीचे आवाज न करता येतील आणि जातील. फोन जागेवर ठेवला, चहा प्यायलो, आणि त्या दिवशी परत जाताना बऱ्याच महिन्यांनी मोटारसायकल सावकाश चालवली.

पुढच्या खेपेला आत्ती फोन हातात घेऊन घरामागच्या परड्यात उभी होती. कधी वर धरायची, कधी कानाशी हलवायची. "ह्यो मुका झालाय काय रं? कुणाचा फोन न्हाय, काय न्हाय."

"बरंच आहे की. चोर कंटाळले असतील."

ती हसली नाही. मी तिच्याकडे न बघता काहीतरी वेगळं बोलू लागलो. तेव्हा सांगता आलं असतं. निघताना सांगू, असं मी मनाशी म्हटलं आणि निघालो.

मग एका रविवारी मी पोचलो, तर ती उंबऱ्यावरच बसली होती. चष्मा डोळ्यांवर, फोन पुढ्यात. मी शिकवली नव्हती ती जागा तिनं स्वतः उघडली होती. आलेल्या, गेलेल्या, चुकलेल्या सगळ्या कॉलची यादी.

"ह्यो लाल बाण म्हंजी उचलला न्हाय, असंच न्हवं?"

"हो."

"मग ह्यो बघ. ह्यो एकच नंबर. दुपारच्याला येतोय. परत येतोय. परत. मी हितंच बसल्याली असते, संभा. वाजला न्हाय त्यो."

मी फोन घेतला. माझं बोट त्या सेटिंगवर थेट गेलं. शोधावं लागलं नाही. ते तिनं पाहिलं. मी काय केलं होतं ते मी सांगितलं, तिच्यासाठीच केलं होतं हेही सांगितलं. तिनं नुसता हात पुढं केला, फोन घेतला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. तिची बोटं एकदाही चुकली नाहीत.

"हॅलो?"

आवाज जड झाला होता, तरी ओळखू आला. आत्तीनं तोंडावर पदर धरला आणि मग नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "जेवलीस का?"

पलीकडे सुनंदा रडत होती. मिरच्यावालीकडून नंबर मिळाल्याचं सांगत होती. धीर गोळा करून पहिल्यांदा फोन केला, मग दुसऱ्यांदा, मग रोज. "मला वाटलं, माझा आवाज ऐकायचा नाही तुला. शेवटचा करायचा ठरवला होता मी. का उचलला नाहीस गं, आई?"

मी पुढं सरकलो. बोलणारच होतो. आत्तीनं माझ्या गुडघ्यावर हात दाबून मला बसवलं.

"अगं, मलाच कळंना त्यातलं काय," ती म्हणाली. "अडाणी बाई मी. कुठलं तरी बटण दाबलं गेलं असंल."

त्यानंतर सुनंदा येऊ लागली. मुलांना घेऊन, सणाला, उन्हाळ्यात. आणि ती आली, की आत्ती फोन माझ्या नाहीतर नातवंडांच्या हातात द्यायची. "बघा रं, मला काय जमतंय हे?" सगळ्या गल्लीला फोन शिकवलेली बाई लेकीपुढं फोन उलटा धरायची. एकदा मी तिला एकटीला गाठून म्हटलं, "आत्ती, मी सांगतो तिला." ती म्हणाली, "तिला तू एकच भाऊ हायस. गप बस."

गेल्या हिवाळ्यात आत्ती गेली. रक्षाविसर्जनाहून परतल्यावर बायका सोप्यात बसल्या होत्या. सुनंदानं आईचा फोन मांडीवर घेतला होता. डोळे पुसत, मध्येच हसत ती सांगत होती, "एका बटणामुळं आमची चुकामूक होणार होती. आईला शेवटपर्यंत फोन काही जमला नाही." शेजारच्या दोघीतिघी, आत्तीनंच फोन शिकवलेल्या, चमकून एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सुनंदाही माझ्याकडे वळली. "व्हय का न्हाय, दादा?"

मी मान डोलावली.