मुदतीचा ताप आणि दिल्लीचं बोलावणं

स्वातंत्र्य मिळून अजून वर्ष व्हायचं होतं. एम.ए.ची परीक्षा देऊन मी पुण्याहून तिसगावला घरी आलो, तेव्हा वडिलांना मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, झाला होता. आई मागेच गेलेली, आणि मी एकुलता एक. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. रविवारी मंडळीपुढे उपदेशही तेच करत. त्यांच्या उशाशी बसून मी रोज प्रार्थना म्हणत असे, पण खरं सांगायचं तर ती ऐकणारं कोणी आहे, असं मला वाटेनासं झालं होतं.

तापाच्या बाराव्या दिवशी दिल्लीचं पत्र आलं. परदेशांतल्या वकिलातींसाठी नवं सरकार तरुण माणसं निवडत होतं आणि मला मुलाखतीला बोलावलं होतं. कॉलेजात शिरल्यापासून मी दुसरं काही मागितलं नव्हतं. पण जाऊन यायला आठ-दहा दिवस लागणार, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढचे दिवसच नाजूक आहेत, पातळ पेजेशिवाय पोटात काही जाऊ द्यायचं नाही. येता येत नाही, असं उत्तर मी लिहून टाकलं.

निजामाच्या हद्दीतून जीव वाचवून आलेली काही कुटुंबं तेव्हा आमच्या शाळेत उतरली होती. त्यांतली पन्नाशीची एक बाई दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा मागायला दाराशी आली. वडिलांची कूस बदलण्याची धडपड पाहून ती सरळ आत आली, त्यांना हलकेच वळवलं, पाठ पुसली. बीडकडच्या एका दवाखान्यात ती आया होती. दिल्लीच्या पत्राचं वडिलांनीच तिला सांगितलं. आमच्या घरचं पाणी गावात पुष्कळांना चालत नसे. तिनं माठातलं पाणी घेतलं, प्यायली आणि माझ्याकडे वळली.

"तू जा. मी हाय हितं. यांचा ताप उतरल्याबिगर मी हलत न्हाई."

अनोळखी बाईच्या हवाली बापाला करून कसं जायचं? वडिलांनी जवळ बोलावलं.

"तू धरून बसलास म्हणून मी जगणार नाही," ते सावकाश म्हणाले. "मला देवाच्या हाती सोड."

मी लिहिलेलं उत्तर फाडलं. नगरहून मनमाडमार्गे दिल्लीपर्यंत मी प्रार्थना केली नाही, शब्दच येईनात. नुसते हात उघडे ठेवून बसलो होतो. मुलाखतीत हैदराबादच्या प्रश्नावर विचारलं, तेव्हा पाठ केलेलं सारं बाजूला राहिलं आणि मी आमच्या शाळेत झोपणाऱ्या माणसांबद्दल बोललो. ते कसं वाटलं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं नाही.

परतलो तेव्हा वडील खाटेवर उठून बसले होते. हाडांचा सापळा, पण अंग थंड. ताप उतरल्यावर आणखी दोन दिवस थांबून ती बाई आपल्या माणसांबरोबर नगरकडे गेली होती. नगरला आलेल्या लोकांमध्ये मी तिला पुष्कळ शोधलं. सापडली नाही.

पुढे निवडीचं पत्र आलं. देशाच्या वतीनं बोलायला मी दूरदूर गेलो. जे मुठीत आवळून धरलं होतं, ते सोडल्यावरच वडील आणि नोकरी, दोन्ही मला मिळाली. असं का झालं, हे मी कोणाला पटवू पाहत नाही. फक्त आभार मानतो.

प्रार्थनेत माणसांची नावं घेण्याची आमच्या घरची रीत आहे. तिचं नाव आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. म्हणून वडिलांच्या नावानंतर मी थोडा वेळ गप्प राहतो. कोणासाठी, ते देवाला ठाऊक आहे.