वाम धरायची टोपली आणायला यॉर्कशरच्या किनाऱ्यावर

ऑगस्टमधला एक शुक्रवार मोकळा ठेवशील का, असं कार्लीने विचारलं आणि मी कारण कळायच्या आधीच लीव्ह टाकून मोकळी झाले. कार्ली नॉटिंगहॅमच्या आमच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, मी फिजिओथेरपिस्ट. एकाच वॉर्डवर तीन वर्षं काढली, त्यामुळे एकमेकींचे डबे पाठ झालेत. ती ऑस्ट्रेलियाची, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. तिच्या लोकांनी विणलेली, वाम हा सापासारखा लांब मासा पकडायची एक जुनी टोपली व्हिटबीजवळच्या एका छोट्या गावातल्या म्युझियममध्ये होती. आता म्युझियम ती परत देणार होतं आणि न्यायला तिच्या जून नावाच्या आँटी ऑस्ट्रेलियाहून येत होत्या. टोपली माणसाएवढी लांब, कार्लीची गाडी चिमुकली. आई-बाबा आले की फिरायला म्हणून घेतलेली आमची सात सीटर असं नशीब काढेल, असं वाटलं नव्हतं.

आँटी जून सत्तरीच्या, बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांच्यातही वडीलधाऱ्या बाईला आँटीच म्हणतात, नातं असो नसो. त्यामुळे माझी पहिली दोन मिनिटंसुद्धा अवघडलेपणात गेली नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर सांगते: नॉटिंगहॅमहून एम-वनने उत्तरेला, मग यॉर्कच्या बाजूने ए-सिक्स्टीफोर धरून माल्टन आणि पिकरिंग. न थांबता तीन तास. सकाळी लवकर निघा, कारण माल्टनच्या अलीकडे कॅराव्हॅनवाल्यांच्या मागे अडकलात की अडकलातच. हायवेवरच्या सर्व्हिसेसवर थांबून महागडं सँडविच घेण्यापेक्षा मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं. आँटींनी पहिली पुरी संशयाने उलटसुलट करून पाहिली, नंतर डबाच मांडीवर घेतला.

पिकरिंग सोडलं की रस्ता चढतो आणि एकदम माळ उघडतो. दोन्ही बाजूंना हेदरची जांभळी झुडपं, कुंपण नाही, मेंढ्या खुशाल रस्त्याच्या कडेला बसलेल्या. मी फोटोसाठी गाडी थांबवली. आँटी मात्र मेंढ्यांकडेच बघत होत्या.

“मेंढ्यांचा काय दोष,” त्या म्हणाल्या. “पण आमच्याकडे आधी मेंढ्या आल्या आणि त्यांच्यामागे बंदुका.”

मग पुढचा सगळा रस्ता त्या सांगत राहिल्या. त्यांच्या लोकांनी दगड रचून पाण्याला वाटा केल्या होत्या, त्यातून वाम टोपलीत यायची, गावंच्या गावं त्यावर जगायची. गोऱ्यांना चराई हवी होती. त्यांनी दलदल सुकवली, विरोध करणाऱ्यांना मारलं, उरलेल्यांना चर्चच्या मिशनमध्ये नेऊन ठेवलं. तिथे स्वतःची भाषा बोलायचीही चोरी. आँटींच्या आजीने विणकाम कसंबसं सांभाळलं, पण वामेच्या टोपलीचा नेमका टाका घरात कुणालाच येत नव्हता.

अजून एक गोष्ट होती. ज्या घराण्याने ही टोपली इंग्लंडला आणली, त्यांचे वंशज डेव्हिड त्याच गावात राहतात. आपण हजर राहिलो तर चालेल का, असं त्यांनी म्युझियममार्फत विचारलं होतं. आँटींनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही नाही. कार्लीला त्याचीच धास्ती होती. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता.

म्युझियम म्हणजे एक जुनं चॅपल, लहानसं चर्च. प्रवेश फुकट, पार्किंग खाली बंदराजवळ आणि तिथून चांगलाच चढ, म्हणून वयस्कर माणसांना वरच उतरवा. मी गाडी लावून आले तर समोरच्या भिंतीपाशी एक उंच, ऐंशीच्या घरातले गृहस्थ टाय लावून उभे होते. तेच डेव्हिड. बोलावल्याशिवाय आत जाणार नाही, असं त्यांनी मला स्वतःहून सांगितलं.

आत टेबलावर टोपली काढून ठेवली होती. रुंद तोंड, निमुळती होत गेलेली, मधाच्या रंगाची. मी चिपळूणची. आमच्या ओढ्यात काका बांबूची अशीच टोपली लावायचा, त्यामुळे ती कशासाठी आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही. आँटी टोपलीशीच आपल्या भाषेत बोलल्या, बराच वेळ. मग वाकून एकेक टाका पाहू लागल्या आणि मध्येच हसायलाच लागल्या.

“अगं, हे तर सोपं आहे,” त्या कार्लीला म्हणाल्या. “आपण उलट्या बाजूने सुरू करत होतो.”

कार्ली रडत होती आणि हसतही होती. मग आँटी सरळ झाल्या आणि म्हणाल्या, बाहेरच्या माणसाला बोलाव.

डेव्हिड आले, दाराशीच थांबले. “आमच्या घरी सांगायचे की ही भेट मिळाली होती,” ते म्हणाले. “मला आता ते खरं वाटत नाही.”

“नव्हतीच ती भेट,” आँटी म्हणाल्या. “हिच्यावर एक घर जेवायचं.”

“मला माफ करा.”

आँटींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “रुंद बाजू तुम्ही धरा,” त्या म्हणाल्या. “वाम तिकडून आत येते. मी इकडे उभी राहते.”

दोघांनी मिळून टोपली उचलली आणि खोक्यात ठेवली.

त्यानंतरची दुपार म्हणजे नुसती धमाल. म्युझियममधल्या बायकांनी चहाबरोबर खायला स्कोन्स, म्हणजे गोडसर छोटे पाव, आणले होते, माझ्या उरलेल्या पुऱ्याही संपल्या. डेव्हिड आम्हाला व्हिटबीला धुरीचे मासे, किपर्स, खायला घेऊन गेले. (बंदरापलीकडे स्मोकहाउस आहे, वास घेत गेलात तरी सापडेल.) आमची वामही अशीच धुरावर असते, म्हणत आँटींनी दोन संपवले. मग धक्क्यावर बसून त्यांनी पिशवीतून रॅफिया, म्हणजे ताडाच्या पानांचा धागा, काढला आणि आम्हा सगळ्यांना विणायला बसवलं. डेव्हिडची टोपली बशीसारखी सपाट झाली. आँटींनी ती उसवली आणि पुन्हा त्यांच्याच हातात दिली. येणारे-जाणारे थांबून बघत होते, एका बाईने तर आइस्क्रीम बाजूला ठेवून टाका शिकून घेतला.

परतीच्या वाटेवर आँटी मागच्या सीटवर, एक हात खोक्यावर ठेवून, गाढ झोपल्या होत्या.

घरी आल्यावर आठवडाभर गाडीला किपर्सचा वास होता आणि मला तो घालवावासा वाटत नव्हता. इंग्लंडमध्ये मी किती म्युझियम्स पाहिली, पण वस्तू काचेतून निघून घरी जाताना पहिल्यांदाच पाहिली. वाईट काही पुसलं गेलं नाही. आँटींनी ते पुसूही दिलं नाही. तरी त्या दिवसाची आठवण आली की मला आनंदच होतो.

परवा कार्लीने व्हिडिओ दाखवला. आँटी गमबूट घालून गुडघाभर पाण्यात, जुन्या टोपलीवरून विणलेली नवी टोपली हातात, आणि तिच्यातून एक जाडजूड वाम सुटायची धडपड करतेय. काठावर सगळं गाव ओरडतंय. आँटींनी डेव्हिडना तिकडे बोलावलंय आणि डेव्हिडनी तिकीटही काढलंय. काल डेव्हिडचा मला फोन आला: काय घेऊन जाऊ? आपल्यात कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. तरी मी म्हटलं, काही नेऊ नका, हात मोकळे ठेवा. आँटी तुम्हाला टोपल्यांसाठी गवत कापायला लावणार आहेत.